ओडेटचं मनगट

ओडेट लिंडक्विस्टला मी चारचौघांत हसलो, ती गोष्ट मार्चमधली. शाळेची बस चालवणारी ही बाई; तिच्या डाव्या कानात सतत शिट्टी वाजायची. कान जपायला डॉक्टरने बजावलं म्हणून तिने पिस्तुलासाठी सायलेन्सर घेतला. परवानगीलाच आठ महिने गेले. बसवायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. आमच्या गावात बंदुका दुरुस्त करणारा मी एकटाच.

शनिवारी नेमबाजी क्लबच्या मैदानावर तिने नेम धरला. गोळी सुटली, पण रिकामी पुंगळी बाहेर पडेना. दर वेळी हाताने खेचावं लागे.

"व्हर्न, मी त्या हळू जाणाऱ्या गोळ्या घेतल्यात, आवाजाचा तडाखा नको म्हणून. त्यांचा धक्का कमी पडतो का रे?"

"जड गोळी आहे ती, धक्का पुरतो," मी मोठ्याने म्हणालो. "हात ढिला असला की पुंगळी अडकते. मनगट आहे की लोणी? बस तरी कशी वळवतेस?"

सगळे हसले. तीही हसली, जरा उशिराने.

मग दोन महिने ती रबरी चेंडू दाबत राहिली. मे महिन्यात मनगटाला पट्टा आला. आठवडाभर बस दुसऱ्याने चालवली.

जूनमध्ये माझा खण आवरताना मला तिची स्प्रिंग सापडली.

गोळी सुटली की पिस्तुलाची नळी किंचित कलते, तेव्हाच पुंगळी सुटते. टोकाला सायलेन्सरचं ओझं असलं तर नळी कलत नाही. म्हणून त्याच्या बुडाशी स्प्रिंग असते, ती क्षणभर ओझं झेलते. तिचा सायलेन्सर दुकानात असताना, तिला न विचारता, मी तो माझ्या छोट्या रायफलीवर लावून पाहिला होता. तिथे नळी हलत नाही, म्हणून स्प्रिंग काढून लोखंडी कडी घातली. आणि ती परत बदलायची विसरलो.

दोन दिवस स्प्रिंग खिशात घेऊन हिंडलो. परत गुपचूप घालता आली असती, हेही मनात आलं. शेवटी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन सगळं ओकून टाकलं. ती रूबार्बचे आंबट देठ चिरत होती, डाव्या हाताने.

"विचारलंसुद्धा नाहीस?"

"नाही."

"आणि वर मलाच लोणी म्हणालास."

मी स्प्रिंग तिच्यापुढे ठेवली.

"इथे मला एकटीला सांगून काय उपयोग, व्हर्न? जिथे हसलास तिथे सांग."

शनिवारी सांगितलं. क्लबमधला म्हातारा रस्क म्हणाला, "म्हणजे लोणी तुझ्या टाळक्यात होतं तर!" कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. ओडेटने स्प्रिंग स्वतःच बसवली, पट्ट्यासकट दहा गोळ्या झाडल्या. दहाही पुंगळ्या उडाल्या. तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

आता तिचं काम साठ मैलांवरच्या दुकानात जातं. वाणसामानाला गेल्यावर भेटलो तर ती हवापाण्याचं बोलते, अगदी नीट बोलते. मलाच तिच्या हाताकडे बघवत नाही.