हुतात्म्याच्या बापाची तार

“लिहा, ‘माझा एकुलता एक मुलगा…’” सादुल्ला शेठने पुलावाचा घास गिळून डोळे मिटले. “‘…जुलमी झारच्या हुकमापायी परमुलखात हुतात्मा झाला.’ झालं लिहून, मिर्झा अका?”

होशिम मिर्झाचा बोरू थांबला. शेठचा एकुलता एक मुलगा ओलिम समोरच बसून बापाच्याच ताटातले चरबीचे तुकडे वेचत होता.

मिर्झा कापूस व्यापाऱ्यांच्या मंडळाचा कारकून. फरगाण्यात गव्हर्नर कोणीही येवो, मंडळाचे पत्र जायचे ते त्याच्याच देखण्या अक्षरात. गेल्या उन्हाळ्यात झारने युद्धाच्या मजुरीसाठी तरुण पोरे उचलायचा हुकूम काढला, तेव्हा ‘आमची मुले हुजुरांच्या चरणी’ हेही मंडळाने इथेच बसून, असाच पुलाव ओरपत, लिहवून घेतले होते. आता झार गेला होता. पेट्रोग्राडच्या नव्या मंत्र्यांपुढे अश्रू ढाळायचे होते, आणि खालच्या ओळीत कापसाचा भाव वाढवून मागायचा होता.

त्या हुकमाच्या वेळी चिठ्ठी निघाली होती ओलिमच्या नावाची. “थोड्या महिन्यांचं काम. परत आला की कापसाच्या जिनात मुकादम करतो,” असे सांगून शेठने ओलिमच्या जागी मिर्झाच्या मुलाला, तुर्सुनला, पाठवले. मिर्झाने विश्वास ठेवला. तुर्सुन ओलिमच्या नावाने गाडीत चढला आणि उत्तरेच्या जंगलात लाकडे तोडता तोडता तापाने गेला. कागदोपत्री मेला तो ओलिम. “गवगवा नको. बदली माणूस धाडला हे कळलं तर सगळेच अडकू,” अशी शेठने तंबी दिली. मिर्झाकडे सांत्वनाला कोणी आले नाही, की मृतासाठीचा फातिहा झाला नाही. पोरगा ताश्कंदला नोकरीला आहे, असे त्याची बायको शेजारणींना हसतमुखाने सांगायची.

“शेठ, ओलिमजान तर इथं बसलेत.”

“पेट्रोग्राडहून दिसतोय होय तो?” मुहितदिन जिनवाला खदखदला. “मंत्र्याला कागद दिसतो. कागदावर मेलाय ना? मग झालं तर!”

“मेलोय तर मेलोय, बाबा,” ओलिम म्हणाला, “पण ती नळी इकडं सरकवा.”

सगळे हसले. तुपकट मिशा, दाढीत अडकलेली शिते, आणि त्याच तोंडांत हुतात्मा हा शब्द. मिर्झाने बोरू शाईत बुडवला.

“तुर्सुनचं नाव कुठं घालू?”

“कारकुनाच्या पोरासाठी मंत्री रडणार आहे का?” शेठ समजुतीच्या सुरात म्हणाला. “आणि अका, पोरगं तुमचं असलं तरी गेलं ना आमच्या नावानं? मग ते आमचंच.”

मिर्झाने बोरू खाली ठेवला आणि दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरले.

एकाने हात उचलले की बैठकीतल्या सगळ्यांनी उचलायचे, ही तिथली लहानपणापासूनची सवय. जेवणानंतरचा दुवा असेल असे समजून शेठचे हात वर गेले, जिनवाल्याचे गेले, ओलिमनेही बोटे चाटून तळवे पसरले.

मिर्झाने फातिहा म्हटला. मग स्वच्छ आवाजात पुढे म्हणाला, “अल्ला, याचं पुण्य माझ्या मुलाला पोचव. होशिम मिर्झाच्या तुर्सुनला. त्याची कबर आम्ही पाहिलेली नाही. त्याच्यावर दया कर.”

शेठचा चेहरा उतरला, पण दुव्यात उचललेले हात मध्येच खाली घेता येईनात. “आमीन,” सगळे पुटपुटले आणि तोंडांवरून तळवे फिरवले. ओलिमच्या गालांना चरबी लागली.

“हे काय भलतंच काढलंत?” शेठ गुरगुरला. “लिहा पुढं!”

“दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या.”

“उद्या चूल कशी पेटेल, मिर्झा?”

 मिर्झा जोडे घालून बाहेर पडला.

तार दुसऱ्याच्या अक्षरात तारघरात पोचली, तेव्हा मिर्झाच्या घराचे दार सताड उघडे होते. सुतक धरणाऱ्या बापासारखा अंगरख्यावर कमरबंद बांधून तो उंबऱ्याशी उभा होता. आतून त्याच्या बायकोचा हंबरडा गल्लीभर ऐकू येत होता. समोरचा नानवाला हातातले पीठ झटकत धावत आला.

“कोण गेलं, मिर्झा अका?”

“माझा तुर्सुन,” मिर्झा म्हणाला, आणि त्याला आत वाट करून दिली.