दोनदा मुंग्या

दौंडच्या टेकाडावरलं टीव्हीचं रिले केंद्र आम्ही दोघंच सांभाळायचो, मी गोकुळ आन् दत्ता. दत्ता भांडगावचा. संध्याकाळी सहाला माझी ड्युटी सुटायची, त्याची लागायची. आला की पहिलं काम, ट्रान्समीटर दोनदा बंद-चालू करायचा. घरी त्याच्या आईच्या, मुक्ताबाईच्या टीव्हीवर चित्र जाऊन दोनदा मुंग्या यायच्या, म्हंजी पोरगं सुखरूप पोचलं. मोबाईल आले तरी म्हातारी ऐकंना. म्हणायची, "फोनवर माणूस खोटं बोलतं. टावर बोलत न्हाई."

दिवाळीच्या तोंडावर एकदा दत्ताला उशीर झाला. म्हातारी उगी घोर करंल म्हणून खूण मीच केली. कुठनं बुद्धी सुचली कुणास ठाऊक! तवा दत्ता चौफुल्याजवळ रस्त्यावर पडला होता. ट्रकनं उडवला, जागेवरच गेला.

म्हातारीच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर कळू देऊ नका. दहावंसुद्धा नदीवर गुपचूप उरकलं. दत्ताची बायको सविता सांगायची, "माणसं कमी केलीत, तिकडंच मुक्काम हाय त्यांचा, सहाला खूण करत्यात." सासूच्या खोलीत जाताना कुंकू लावायची, बाहेर आली की पुसायची. आन् हिकडं मी रोज सहाला दोनदा मुंग्या पाडायचो. लाज वाटायची, पण हात थांबत नव्हता.

अठराव्या दिवशी वरनं हुकूम आला, प्रक्षेपण कायमचं बंद. साहेबाला म्हणलं, "बारा दिवस थांबा, पाया पडतो."

"तुझ्या बापाचं केंद्र हाय का?" म्हणाला, आन् स्वतः उभं राहून बंद करून घेतलं.

गाडी हाणत भांडगाव गाठलं, तर सहा वाजून गेलेले. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. म्हातारी खाटेवर उठून बसलेली. "सविता, आज दत्ताची खूण न्हाई गं! काय झालं, बघून ये!" तेवढ्यात मी दिसलो. "आन् तू हितं? मग केंद्रावर कोण हाय?"

सविता पुढं झाली आन् सासूच्या डोळ्यांदेखत पदरानं कुंकू पुसलं.

म्हातारी बघत ऱ्हायली. "कवा?"

"अठरा दिस झाले, आत्या."

तिनं बोटावर दिवस मोजले. मग माझ्याकडं वळली. "म्हंजी पहिल्या दिवशीबी तूच?"

"व्हय, मावशी."

"मुडद्या, ती खूण बघून मी त्या दिवशी पोटभर जेवले रे."