शेवटच्या रांगेपर्यंत

धम्मानंद सोमकुंवरचा चेहरा अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलेला आहे आणि नाव एकालाही ठाऊक नाही. पानठेल्यावर लोक थांबवून विचारतात, "तुम्ही त्या सिरियलमध्ये होते ना? ते... हवालदार?" हवालदार, शिपाई, ड्रायव्हर, नाहीतर हिरॉइनचा मेलेला बाप, हार घातलेल्या फोटोत. तीस वर्षं मुंबईत राहून त्यानं हेच केलं. वर आणि ऐकून काय घ्यायचं? "दादा, तो तुमचा टोन काढा." चुकून तोंडातून "मले" गेलं की सेटवरची कालची पोरं फिदीफिदी हसणार. म्हणजे या माणसानं तीस वर्षं पोटासाठी दुसऱ्याच कोणाच्या तरी जिभेनं बोलायचं. राग येणार नाही तर काय होईल, सांगा बरं!

आईचे डोळे गेले म्हणून तो नागपूरला परत आला. तुळसाबाईला काचबिंदू. थेंब झाले, ऑपरेशन झालं, शेवटी धंतोलीच्या डॉक्टरांनी हात टेकले. आता म्हातारी इंदोऱ्याच्या वस्तीतल्या घरात खाटेवर बसून जग कानानं बघायची. धम्मानंदची पोरगी दीक्षा हिंगण्याच्या कंपनीतून ड्यूटी करून यायची, तिच्या पावलांवरूनच म्हातारी सांगायची, "आज साहेब बोलला वाटते तुले." आणि टीव्हीवर पोराची जुनी सिरियल लागली की कपाळाला आठ्या घालून विचारायची, "आनंदा, हा तूच काय गा? मले तं कोणी मुंबईवाला वाटून राहिला."

त्याला ते झोंबायचं. कारण त्याला नट केलं ते या बाईनंच.

लहानपणी जयंतीला विहारासमोरच्या मैदानात नाटक व्हायचं. माईक कधी चालला, कधी नाही. पुढच्या सतरंज्यांवर पाहुणे आणि तुळसाबाई सगळ्यात मागे, लोक चपला काढतात तिथं. मुद्दाम. पोराचा आवाज जरा बसला की भर नाटकात तिथूनच ओरडायची, "आनंदा, ऐकू नाही येऊन राहिलं!" सगळं मैदान हसायचं, पोरगं लाजेनं अर्धमेलं व्हायचं, पण पुढचं वाक्य पोटातून काढायचं. घरी येऊन रडला तर म्हणायची, "समोरच्याले तुह्यं तोंड दिसते. मांगच्याले काय दिसते? त्याले आवाज दे."

मागच्या वर्षी मुंबईहून अनिश आला. तरुण दिग्दर्शक, पहिलाच सिनेमा, गोष्ट नागपूरची. एका कारखान्यात पोराचा हात मशीनमध्ये जातो आणि त्याचा बाप गेटवर येऊन उभा राहतो. धम्मानंदला त्यानं बापाचं काम दिलं. म्हणाला, "काका, मला अस्सल पाहिजे. तुम्ही घरी बोलता ना, तसंच बोला."

धम्मानंदला पहिल्यांदा खरंच वाटलं नाही. पुन्हा विचारलं, "घरच्यासारखं? पक्कं?"

"पक्कं, काका. तोच तर जीव आहे सिनेमाचा."

हिंगण्याला एका बंद पडलेल्या शेडच्या गेटवर तो सीन झाला. एकाच टेकमध्ये. धम्मानंद ओरडला नाही, रडला नाही. ज्या आवाजात डॉक्टरला आईच्या डोळ्यांचं विचारलं होतं, त्याच आवाजात बोलला. "कट" म्हणायला अनिश विसरला. लाइटवाला पाठमोरा होऊन नाक पुसत होता. साऊंडवाला तर येऊन पाया पडला.

पुढे बाकीच्या नटांना मुंबईला डबिंगला बोलावणी गेली. याला नाही. यानं फोन केला, तर असिस्टंट म्हणाला, "काका, तुमचं काम झालंय." आणि इथं हा शहाणा फसला. त्याला वाटलं, आपला टेकच असा बसला की पुन्हा आवाज द्यायची गरजच उरली नाही. तीस वर्षं या धंद्यात काढली, पण मानानं कोणी वागवलंच नव्हतं, तर खरा मान कोणता ते कळणार कसं! अख्ख्या वस्तीत सांगत सुटला. आईजवळ खाटेवर बसून म्हणाला, "माय, या पिक्चरमध्ये मी मीच बोललो."

म्हातारी म्हणाली, "मले नेजो. मांग बसव."

नागपुरात सदर भागातल्या एका थिएटरात सिनेमाचा दुपारचा खास शो होता. युनिट, पेपरवाले, ओळखीपाळखीचे. धम्मानंदसाठी पुढे खुर्ची राखलेली होती. तो म्हणाला, "नको, आई मागं बसते." तुळसाबाईनं पेटीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं, केसांना तेल लावलं होतं. दीक्षा अर्ध्या दिवसाची सुटी टाकून आलेली, आजीच्या कानाशी लागून पडद्यावरचं सांगत होती. "आता कारखाना आला, आजी. आता गेट. आता पप्पा येऊन राहिले."

म्हातारी ताठ बसली. पदर कानामागे केला.

पडद्यावर धम्मानंदनं तोंड उघडलं आणि आवाज आला, "अबे साहेब! माह्या पोट्ट्याचा हात कुठं फेकला बे?"

चिरका, नाकातला, हेल काढून काढून. जत्रेत बहुरूपी काढतो तसा. साहेबाला "अबे"! नागपूरचा कोणता बाप, तेही असल्या दिवशी, मोठ्या माणसाला "अबे" म्हणेल हो? पण थिएटर हसलं. नागपूरचं थिएटर, नागपूरची माणसं, खो खो हसली. पडद्यावर त्याचेच डोळे, त्याचाच सुकलेला गळा आणि त्यातून ही माकडचेष्टा.

अनिश मागच्या दाराशी उभा राहून लोकांची मजा बघत होता. यानं वळून त्याच्याकडे पाहिलं तर पठ्ठ्या हसत जवळ आला आणि खाली वाकून म्हणाला, "बघा काका, काय रिस्पॉन्स आहे!"

"हा कोण आहे?" धम्मानंदनं विचारलं.

"अहो, कॉमेडी शो करतो ना तो. मुंबईत सिनेमा दाखवला तर लोकांना तुमचं बोलणं फार जड गेलं. म्हणाले, हा विदर्भातला वाटतच नाही! मग म्हटलं त्याच्या आवाजात जरा टच देऊ. चेहरा तर तुमचाच आहे ना, काका."

विदर्भातला वाटत नाही! इंदोऱ्यात जन्मला, इंदोऱ्यात आईच्या शिव्या खाऊन बोलायला शिकला, आणि हा टिकोजी त्याला सांगतो, वाटत नाही! एक ठेवून द्यावी असं धम्मानंदच्या इतकं मनात आलं की हात खुर्चीच्या दांड्यावरून उचललासुद्धा गेला.

शेजारी तुळसाबाई दीक्षाला विचारत होती, "कवा येते वं तुहा बाप?"

"आले आजी. बोलून राहिले ना." दीक्षाच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"हट्! हा तं कोणी नकल्या आहे." म्हातारीनं मान इकडून तिकडे फिरवली, पोराला शोधत. आणि मग तिनं छाती भरून घेतली. हसणाऱ्या थिएटरात, शेवटच्या रांगेतून, तिचा तो जुना आवाज उठला, "आनंदा! ऐकू नाही येऊन राहिलं!"

हसणं तुटलं. पुढच्या माना वळल्या.

आणि धम्मानंद उभा राहिला.

टेक त्याला श्वासासकट पाठ होता. पडद्यावरच्या ओठांकडे पाहत त्यानं वाक्य मध्येच धरलं, पोटातून, "साहेब, मले भरपाई नाही पायजे. माह्या पोराचा हात तुमच्या मशीनीत राह्यला. तो कुठं ठेवला, तेवढं सांगा. मी न्यायले आलो."

वरचा तो चिरका आवाज चालूच होता, पण आता तो कोणाला ऐकू येत नव्हता. ओठ पडद्यावरचे, आवाज शेवटच्या रांगेतला, आणि दोन्ही अगदी जुळत होते. पुढच्या रांगेत कोणीतरी "अरे, हा तर तोच" म्हणालं.

"काका, प्लीज! प्रेस बसलीय! काय करताय हे? बसा खाली!" अनिशनं त्याचा दंड धरला.

तुळसाबाईनं आवाजाच्या दिशेनं हात लांबवला, चाचपत अनिशचं मनगट पकडलं आणि पोराच्या दंडावरून ओढून काढलं.

"ए बाबू," ती म्हणाली, "चूप राय. माहा पोरगा बोलून राहिला."

आणि धम्मानंदनं पुढचं वाक्य घेतलं.