वाचता येते, अर्थ शिकते आहे

मी रेहल बोलतेय. चांद्याच्या सागवानाची, हातभर लांबीची.

तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलं असेल, पण नाव माहीत नसेल. कुराणशरीफ जमिनीवर ठेवत नाहीत. त्याच्यासाठी लाकडाची एक बैठक असते, फुलीसारखी उघडणारी. तीच मी. मिटले की नुसती एक फळी, उघडले की ओंजळ. माझ्यात खिळा नाही, बिजागरी नाही. एकाच लाकडाच्या पोटातून दोन पानं कापून काढतात आणि ती एकमेकांत अडकलेलीच राहतात. करवत केसभर चुकली तर सगळं सरपण होतं.

माझं झाड आलापल्लीच्या जंगलातलं. ओंडके होऊन आम्ही बैलगाड्यांवरून बल्लारशाच्या डेपोत आलो आणि तिथून चांदा शहरात जटपुरा गेटाच्या आत राहणाऱ्या अयूब सुताराच्या अंगणात. माझ्या भावंडांची दारं झाली, एकाचा पाळणा झाला. मी उरलेला तुकडा. अयूबभाईंनी माझ्याआधी तीन तुकडे फुकट घालवले होते. चौथ्या वेळी त्यांनी श्वास रोखून करवत चालवली, आणि मी पहिल्यांदा उघडले तेव्हा कारखान्यात कोणी नसतानाही ते मोठ्यानं म्हणाले, "जमली!"

ते एवढे धडपडले कारण त्यांची मुलगी नसीम चार वर्षं, चार महिने आणि चार दिवसांची होणार होती. त्या दिवशी मुलांना पहिलं अक्षर शिकवायची त्यांच्यात रीत आहे. नसीम माझ्यासमोर बसली तेव्हा तिची हनुवटी जेमतेम माझ्या कडेपर्यंत पोचत होती.

शिकवायला सुलतानाबी होत्या. मोहल्ल्यातल्या सगळ्या मुली त्यांच्याकडेच शिकलेल्या. नवरा वारला तेव्हा त्यांना मूलबाळ नव्हतं. दिरांनी या विधवेला चाळीसाव्या दिवसाचे विधी उरकल्यावर सांगितलं, "बेवेचा घरात हिस्सा नसते. असंच लिहिलं आहे." सुलतानाबींनी विचारलं नाही, कुठे लिहिलं आहे. आपली पेटी उचलून त्या अयूबभाईंच्या अंगणातल्या खोलीत राहायला आल्या. लिहिलं आहे म्हटल्यावर त्या गप्प बसत, कारण लिहिलेल्याचा त्यांना फार आदर होता.

आणि त्यांचं वाचन! मी लाकूड आहे, पण मलाही ते ऐकून पालवी फुटेल असं वाटे. एक अक्षर घसरत नसे. दर महिन्याला त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जात आणि पुन्हा पहिल्या पानावर येत. नसीमनेही तो स्वर उचलला. नवव्या वर्षी तिचं वाचन पुरं झालं, अयूबभाईंनी घरोघरी बुंदी वाटली, आणि मी कोनाड्यात गेले. अधूनमधून नसीम मला काढायची. तेव्हा माझ्यावर शाळेतलं संस्कृतचं पुस्तक असायचं. ते जमिनीवर ठेवायलाही तिला बरं वाटत नसे.

नसीम कमी बोलायची. पण मोहल्ल्यातल्या बायका सुलतानाबींना काही विचारायला येत, तेव्हा ती दाराशी उभी राहून सगळं ऐकायची. कोणी विचारी, "आपा, तलाकनंतर पोरं कोणाची असते? लिहिलं असंन ना?" सुलतानाबी म्हणत, "लिहिलं असंन माय. मी वाचतो. सांगत नाई." नसीमच्या कपाळावर तेव्हा एक बारीक आठी पडायची. ती माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आली नसावी.

सत्तावन्न साली ती मॅट्रिकला बसली. शाळेच्या मुख्याध्यापिका मनकर्णाबाई यांनी तिला हैदराबादच्या एका कॉलेजाचं माहितीपत्रक मागवून दिलं होतं. इस्लामी विद्या आणि कायदा, चार वर्षांची पदवी. फॉर्मवर पालकाची सही मुख्याध्यापिकेसमोर व्हायला हवी होती. म्हणून एके दिवशी संध्याकाळी बाई स्वतःच घरी आल्या. अयूबभाईंनी नवीन केलेल्या स्टुलावर त्यांना बसवलं. सुलतानाबी चहा घेऊन आल्या.

बाईंनी चष्मा लावून अटी मराठीत करून वाचल्या. "मॅट्रिक, किमान दुसरा वर्ग. ते निकालात कळेल, पण मला काळजी नाही. वय सोळा पूर्ण. चालचलणुकीचा दाखला, तो मी दिला. पालकाची संमती."

"मुलीले घेते का पण ते?" अयूबभाईंनी विचारलं.

"मी दोनदा वाचलं, अयूबभाऊ. मुलींना मनाई आहे असं कुठं लिहिलेलं नाही. बहुतेक कोणी मुलगी अर्ज करील असं त्यांच्या डोक्यातच आलं नसेल. ते येईपर्यंत आपण घुसून घेऊ."

सगळे हसले. मग बाईंनी शेवटची अट वाचली. "मॅट्रिकला अरबी विषय हवा. नसल्यास तोंडी परीक्षा." आणि फॉर्मकडे पाहिलं. तिथे नसीमच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘अरबी येते.’

"हे कोणी सांगितलं लिहायला?"

"मी," अयूबभाई छाती काढून म्हणाले. "दोनदा पुरं कुरान वाचलं पोरीनं. अजून काय अरबी पाहिजे? आपा, द्या तिले. बाईले ऐकू द्या."

मला कोनाड्यातून काढलं. नसीमनं हातपाय-तोंड धुऊन वजू केला, ओढणी डोक्यावर घेतली आणि वाचू लागली. अंगणातली कोंबडीसुद्धा थबकली असं मी म्हटलं तर ती थोडी अतिशयोक्ती होईल, पण मनकर्णाबाईंचा चहा हातात तसाच निवला हे खरं. वाचन संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "किती गोड! आता याचा अर्थ सांग."

नसीमनं सुलतानाबींकडे पाहिलं. सुलतानाबींनी जमिनीकडे पाहिलं.

"अर्थ?" अयूबभाई गोंधळले. "अर्थ तर मौलाना सांगते ना, बाई. आमचं काम वाचाचं."

"तोंडी परीक्षेत उतारा देऊन अर्थ विचारणार, असं इथं छापलंय. जून महिन्यात."

इतकी वर्षं त्या घरात वाचणं म्हणजेच येणं होतं. कोणी फसवलं नव्हतं, कोणी खोटं बोललं नव्हतं. पण फॉर्मवरचे दोन शब्द खरे नव्हते.

नसीमनं टाक उचलला आणि ते दोन शब्द खोडले.

"काऊन खोडून राह्यली?" अयूबभाई ओरडले. "काटाकाट पाहून फॉर्म फेकून देतीन ते! राहू देना तसंच!"

"अब्बा, कायदा शिकाले चालली मी," नसीम म्हणाली. "पहिल्याच कागदावर..." आणि वाक्य पुरं न करता तिनं खोडलेल्या ओळीवर लिहिलं, ‘वाचता येते. अर्थ शिकते आहे.’

मनकर्णाबाईंनी त्या फॉर्मवर अयूबभाईंची सही घेतली. मग त्याखाली शाळेचा शिक्का मारला, नेहमीपेक्षा जरा जोरात.

त्यानंतर दोन दिवस सुलतानाबींनी मुलींना शिकवलं नाही. दार लावून बसल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या बुरखा घालून थेट बल्लारशाच्या डेपोत गेल्या आणि बाबूभाईंना घेऊन आल्या. बाबूभाई म्हणजे लाकडाच्या डेपोतले कारकून. तरुणपणी चार वर्षं मदरशात शिकून अर्धवट सोडलेले, आणि तेव्हापासून आपण काही शिकलो होतो हे कोणाला न सांगणारे.

"दोन महिन्यांत अरबी?" ते म्हणाले. "आपा, दोन महिन्यांत तर सागवान बी वाळत नाई."

"मग ओलंच रंधा मारा," अयूबभाई म्हणाले.

रोज डेपो सुटल्यावर बाबूभाई येत. माझ्या एका पानावर कुराणशरीफ, दुसऱ्या पानाला टेकवलेली पाटी. पाटीवर क्रियापदाच्या रूपांचे तक्ते. एक पुरुष, दोन पुरुष, अनेक पुरुष. एक बाई, दोन बायका, अनेक बायका. नसीम एकदम हसली. "चाचा, हे तर संस्कृतासारखं आहे. दोघांसाठी वेगळं रूप."

"असंन बुवा. मले संस्कृत नाई येत आणि तुले अरबी. दोघं मिळून एक माणूस पुरा होऊ."

सुलतानाबी मागे भिंतीशी जपमाळ घेऊन बसत. सगळ्यांना वाटे त्या जप करताहेत. त्यांचे ओठ मला समोरून दिसत. त्या तक्ते पाठ करत होत्या. साठीला टेकलेली, अख्ख्या मोहल्ल्याची शिक्षिका, आपल्याच शिष्येच्या मागे बसून पहिलीचा धडा गिरवत होती. मी पुष्कळ माणसं पाहिली, पण एवढं मोठं माणूस पाहिलं नाही.

एकदा त्यांनी विचारलंच. "बाबूभाई, बेवेच्या हिश्श्याचं कुठी लिहिलं आहे?"

बाबूभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आपा, माझं शिक्षण तितलं नाई झालं. चुकीचं सांगीन तर माझ्या गळ्याशी येईन. पोरगी शिकून येईन, तिले विचारा."

मॅट्रिकचा निकाल लागला. दुसरा वर्ग. मग हैदराबादहून परीक्षेचं बोलावणं आलं. फॉर्म फेकला नव्हता. निघताना सुलतानाबींनी मला कापडात गुंडाळून नसीमच्या हाती दिलं. "घेऊन जा. हात थरथरला तरी किताब नाई हालणार."

म्हणून ती परीक्षा मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. अयूबभाई बाहेर व्हरांड्यात थांबले. आत टेबलामागे तीन परीक्षक होते. मधल्या वयस्कर परीक्षकांनी आधी फॉर्म हातात घेतला.

"ही खाडाखोड कोणी केली?"

"मी."

"तसंच राहू दिलं असतं तर आम्हाला काय कळलं असतं?"

"तुम्हाला आज कळलं असतं," नसीम म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की ते पुढे वाकले. "मला आधीच कळलं होतं."

त्यांनी उतारा दिला. कुराणशरीफातला नव्हे, कुठल्याशा जुन्या कायद्याच्या ग्रंथातला. तो ग्रंथ माझ्यावर उघडला गेला. सात ओळी होत्या. नसीमनं सातही न अडखळता वाचल्या. पहिल्या तीन ओळींचा अर्थ सांगितला, सावकाश, शब्दाला शब्द लावून. चौथ्या ओळीवर थांबली.

"पुढचं मला येत नाही."

"अंदाजानं सांगा," तरुण परीक्षक म्हणाले. "थोडंफार जमेल."

"अंदाजानं नको, साहेब. अंदाजानं सांगितलेला कायदा आमच्या मोहल्ल्यात पुष्कळ आहे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वयस्कर परीक्षकांनी ग्रंथ मिटला आणि जाता जाता माझ्या जोडावरून बोट फिरवलं. "काम चांगलं आहे. कोणी केलं?"

"बाहेर उभे आहेत, त्यांनी."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मनकर्णाबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. प्रवेश दिला होता, एका अटीवर: पहिलं वर्षभर अरबीचा जादा वर्ग करायचा आणि त्याची परीक्षा पास व्हायची. अयूबभाईंनी पुन्हा बुंदी वाटली. नसीम गेली. मला मात्र तिनं सुलतानाबींच्या खोलीत ठेवलं. "तुमचे तक्ते राहिले आहेत, खाला," ती म्हणाली. म्हणजे तिलाही माहीत होतं तर.

पुढच्या ईदला ती घरी आली. शिरखुर्म्याची वाटी बाजूला सारून सुलतानाबींनी मला उघडलं आणि तोच प्रश्न विचारला. नसीमनं तीस भागांपैकी चौथा भाग, चौथा पारा, काढला, पान उलटलं, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे तर मले तोंडपाठ आहे," सुलतानाबी म्हणाल्या.

"माहीत आहे. वाचा, खाला. पण एकेक शब्द."

त्या एकेक शब्द वाचत गेल्या आणि नसीम अर्थ सांगत गेली. नवरा मागे जे ठेवून जाईल त्यातला, मूल नसेल तर, चौथा हिस्सा बायकोचा. मूल असेल तर आठवा. कुणी द्यायचा म्हणून नव्हे. तिचाच.

सुलतानाबींनी त्याच ओळीवर आपलं बोट ठेवलं. सोळा वर्षं, दर महिन्याला त्यांनी ही ओळ वाचली होती. त्यातली काही वर्षं तर माझ्यावरच, माझ्या या पानावर ठेवून. त्यांचंच घर त्यांच्या तोंडून दर महिन्याला निघून जात होतं आणि आम्हा दोघींनाही कळत नव्हतं.

अयूबभाई उठले. "आपा, आत्ता जातो मी वकिलाकडे."

"थांब," सुलतानाबी म्हणाल्या. "पोरी, तुझी पदवी व्हाले किती साल आहे?"

"अजून तीन."

"सोळा साल थांबली मी. तीन साल काय मोठे? माझी वकील तू." आणि पान उलटून त्या पुढे वाचू लागल्या, एकेक शब्द, थांबत थांबत.

मी आता सुलतानाबींच्या खोलीत असते. माझा एक कोपरा पाटी आपटून उडाला आहे. रोज दुपारी मुली येतात. वाचून झालं की त्यांना एका ओळीचा अर्थ सांगावा लागतो, तेव्हाच सुट्टी. त्या कंटाळतात. मी कंटाळत नाही.

तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिच्यावर हवं ते पुस्तक ठेवा, पोथी ठेवा, कायदा ठेवा. गोड आवाजात वाचा, आम्हाला ते आवडतं. पण मिटण्याआधी एका ओळीवर बोट ठेवून विचारा, यात काय लिहिलं आहे? काय सांगावं, ती ओळ तुमच्याबद्दलच असायची.

नसीमच्या पदवीला दोन वर्षं उरली आहेत. मी उघडी बसले आहे.