हत्तीचा पाय कावून वर हाय

मी बोलायलोय. इकडं तिकडं काय बघता? पोथीत बघा, सत्ताविसावं पान. चित्र हाय मी, हातानं रंगवलेलं. अक्षरं समदी शेजारच्या पानाला गेली. मला एकबी वाचता येत न्हाई, पण लोकांची तोंडं लई वाचली.

मला काढणाऱ्याचं नाव इसरलो. त्याचं कलम तेवढं याद हाय, खारीच्या शेपटीच्या केसांचं. अंगावरून फिरलं की गुदगुल्या व्हायच्या. तवापासून मी असा खोडील.

माझ्या अंगावर एक राजा हाय, हत्तीवर बसलेला. मागं घोडे, भाले, निशाणं. समदी गर्दी वरच्या डाव्या अंगाला. राजानं हात पुढं केलाय, हत्तीचा एक पाय अधांतरी. बाकी निम्मं पान नुस्तं पिवळं रान.

दिंद्रुडच्या मोहनरावांच्या घरी मी तीन पिढ्या लोकांना भांडायला लावलं. कुणी म्हनं राजा आशीर्वाद द्यायलाय. कुणी म्हनं शिकारीला निघालाय. एक मास्तर म्हनले, "रंग सरला असंल, म्हणून रान मोकळं." मी आपला गालात हसायचो. खरं सांगू? मला तरी कुठं ठाऊक होतं? आपलं अंग आपल्याला दिसतंय व्हय!

औंदा पोथीची शिलाई उसवली. मोहनराव मला घेऊन माजलगावला गेले, युसूफचाचाकडं. चाचा पुस्तकं बांधतो.

"युसूफभाई, हे चित्र जिल्दीवर, वरच्या पुठ्ठ्याला, डकवा. राजा मधोमध आला पायजे. खालचं रिकामं कापून टाका."

"कापू सायेब?"

"कापा की. रिकाम्या रानात काय हाय? कोपऱ्याला तर बुरशीचे ठिपके पडलेत."

चाचानं पट्टी ठेवली, पेन्सिलीनं रेघ मारली, सुरी उचलली. माझी समदी मस्ती तिथंच जिरली.

तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर सीताफळं इकणारी केशरबाई पाणी प्यायला आत आली. एरवी ती मोहनरावांच्याच रानात राबायची. माझ्यावर वाकली.

"आगं बया! ह्या हत्तीनं पाय कावून उचलला?"

"मावशे, सरक. पाणी सांडशील."

"तू सुरी ठेव आधी! बुरशी न्हाई ही. टिटवीची अंडी हायेत. मोज, चार. टोकं आतल्या अंगाला. वखर हाणताना अशीच दिसतेत, ढेकळावानी. आन् ही बघ टिटवी, मातीच्याच रंगाची, पंख पसरून केवढी वरडायली!"

चाचाचा हात थांबला. त्यानं तीच पट्टी तिरपी धरली. राजाचं बोट, हत्तीची सोंड, घोड्यांचे डोळे, भाल्यांची टोकं, समदं एकाच रेघंत त्या कोपऱ्याकडं चाललेलं.

"या अल्ला," चाचा हळूच म्हनला.

मोहनरावांनी चष्मा पुसला. परत घातला. कोपऱ्यावर वाकले.

"एवढी फौज थांबली? ह्या एवढ्याशा चोचीपायी?"

"थांबली की. तुमी मातर अंडीच कापायला निघालतात, आण्णा."

"आमच्या रानात असतेत का गं ही?"

"असतेत ना. आमी वखर वळवून घेतो. पण तुमी रानात येता कवा?"

चाचा फिसकन हसला. मोहनरावबी हसले, पण कान लाल झालते. मग सोताच रबर मागून त्यांनी ती रेघ पुसली.

आता मी परत माझ्या जागी हाय, सत्ताविसाव्या पानावर, नव्या शिलाईत. मोठमोठी माणसं येतेत, तवा मोहनराव राजा दाखवत न्हाईत. म्हनतेत, "कोपऱ्यात बघा, मग बोला."

आन् मी? समद्या दुनियेला हसणारा मी आता गप पडून असतो. एवढी वर्सं मी राजाला मिरवत व्हतो, आन् कोपऱ्यात कुणाला सांभाळत व्हतो ते मलाच ठाऊक नव्हतं. काढणाऱ्यानं निम्मं रान मोकळं सोडलं, ते चार अंड्यांपायी!

बघायला याल तर या. पण पान हळू उलटा. हत्तीचा पाय अजून वरच हाय, आन् अंड्यांतून पिल्लं निघायची हायेत.