सर्व्हर, आ कर!

भिंगरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. बाकी जगासाठी ती भिंगरी, कारण ती एका जागी शांत उभी राहिलेली कुणी पाहिलीच नव्हती. आता गंमत बघा, फुटबॉलमध्ये ही बाई गोलकीपर. म्हणजे जिनं एका जागी उभं राहायचं, नेमकी तीच! पण तिथेही उभं राहायची वेळ तिच्यावर फारशी येत नव्हती, कारण मुलींच्या संघाला मैदानच मिळत नव्हतं.

मैदान एक आणि संघ पाच. नियम काय, तर जो आधी पोचेल त्याचं. ढब्बूचा वर्ग मैदानाला लागून. ढब्बू म्हणजे मुलांच्या फुटबॉल संघाचा कॅप्टन, गोल गरगरीत चेहऱ्याचा आणि तेवढ्याच गोल गरगरीत स्वभावाचा, कुठून पकडावं तेच कळायचं नाही. शेवटची घंटा वाजता वाजता तो खिडकीतून चेंडू बाहेर भिरकवायचा. चेंडू मैदानात टेकला की मैदान त्यांचं! मुली वरच्या मजल्यावरून धापा टाकत जिने उतरून येईपर्यंत तिकडे खेळ सुरूसुद्धा झालेला असायचा.

"उद्या लवकर या," ढब्बू दात काढून म्हणायचा.

"कशा? पंख लावून?" भिंगरीच्या संघातली लांबडी ओरडायची. लांबडी बचावपटू होती आणि तिचे पाय इतके लांब होते की ती एकावेळी तीन पायऱ्या उतरायची. तरीही उशीरच.

भिंगरीनं भांडून पाहिलं, रुसून पाहिलं, आणि शेवटी चक्क प्रोग्राम लिहिला. पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत. आठवड्याच्या पाच संध्याकाळी पाच संघांत वाटायच्या. मागच्या आठवड्यात ज्याला शेवटचा दिवस मिळाला त्याला या वेळी आधी विचारायचं, आणि बरोबरी असेल तिथे चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडायचं. ना खिडकी, ना चेंडू.

खेळाच्या बाईंनी तो तिच्या लॅपटॉपवर चालताना पाहिला आणि शिट्टी बोटावर फिरवत म्हणाल्या, "छान आहे. पण तुझ्या लॅपटॉपवर चालून मला काय उपयोग? शाळेच्या सर्व्हरवर चालला पाहिजे, आणि वाटप शाळेच्या साइटवर दिसलं पाहिजे. शुक्रवारच्या सभेआधी. नाही जमलं तर आहे तोच नियम, आणि मग वर्षभर हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही."

"आणि जमलं तर?"

"तर ढब्बूला मी बघते."

आता हा सर्व्हर म्हणजे कुठल्याशा लांबच्या गावातल्या खोलीतला, शाळेतल्या कुणीही कधी न पाहिलेला कॉम्प्युटर. त्याच्यापर्यंत पोचायचं ते इंटरनेटवरून, आणि पासवर्ड फक्त कॉम्प्युटरच्या सरांकडे. विद्यार्थ्यांनी आपला कोड पेनड्राइव्हवर द्यायचा, सर तो वर चढवणार, चालवणार, आणि काय झालं ते येऊन सांगणार. म्हणजे सांगणार ते असं:

"नाही चालला."

"काय एरर आली, सर?"

"लाल अक्षरं आली. बरीच."

"त्यात लिहिलं काय होतं?"

"अगं, काहीतरी मॉड्यूल नाही म्हणत होता. मला काय तेवढंच काम आहे का?"

तेवढ्यावरून भिंगरीनं ओळखलं. तिनं दुसऱ्या कुणी लिहिलेलं एक तयार मॉड्यूल वापरलं होतं, ते सर्व्हरवर नव्हतंच. तिनं ते काढून टाकलं आणि त्याचं काम स्वतः लिहिलं. परत पेनड्राइव्ह. परत लाल अक्षरं. या वेळी संघांच्या नावांची फाइल सापडत नव्हती. भिंगरीनं कोड उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. फाइलचा पत्ता तिनं स्वतःच्या लॅपटॉपचा लिहून ठेवला होता! लांबच्या गावातल्या त्या बिचाऱ्या मशीनला भिंगरीच्या डेस्कटॉपवरची फाइल कुठून दिसणार? स्वतःवरच खो खो हसून तिनं तेही दुरुस्त केलं.

आणि मग सगळ्यात वाईट झालं. लाल अक्षरं यायचीच बंद झाली.

"आता काय म्हणतो, सर?"

"काहीच नाही. सुरू होतो आणि बसतो. दोनदा बंद करून चालू केला, तरी तेच." सरांनी चष्मा पुसला. "हे बघ, प्रयत्न चांगला होता. पण तुझा प्रोग्राम तेवढा दमदार नाही. सोड आता."

सोड म्हणे! भिंगरी पाय आपटत घरी आली. घर वरती आणि खाली आईचा दवाखाना. आई दातांची डॉक्टर होती. भिंगरी कोपऱ्यातल्या स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसली आणि तिनं प्रोग्राम चालवला. चालला. परत चालवला. परत चालला. पाच संघ, पाच दिवस, टकाटक.

"रडतेयस की वैतागलीयस?" हातमोजे काढत आईनं विचारलं.

"वैतागलेय."

"मग बरंय. रडणाऱ्यांना मी खुर्चीत बसवते."

"आई, माझ्याकडे चालतंय! माझा कोड बरोबर आहे, तरी सर म्हणतात चालत नाही."

"तुझ्याकडे चालतंय हे काय उत्तर झालं? माझे दात ठणठणीत आहेत म्हणून पेशंटचा दात दुखायचा थांबतो?"

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचे काका इतक्या मोठ्यानं बोलत होते की भिंगरीलाही ऐकू आलं. मागचा दात, म्हणजे तसा मधला, डावीकडे, पण कधी कधी उजवीकडे. आई शांतपणे म्हणाली, "काका, फोनवरून दात दिसत नाही हो. इथे या आणि आ करा. मग बघू."

भिंगरीनं लॅपटॉप फाडकन मिटला.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"मी आठवडाभर फोनवरून दात तपासतेय!"

शुक्रवारी सकाळी शाळेचं दार उघडताच ती कॉम्प्युटरच्या खोलीत हजर. सोबत लांबडी. सर आधीच आले होते, आणि खरं सांगायचं तर त्यांनी प्रोग्राम पुन्हा एकदा चालू करून ठेवला होता. माणूस वाईट नव्हता.

"सर, मला सर्व्हर बघायचाय."

"विद्यार्थ्यांनी सर्व्हरला हात लावायचा नाही. नियम आहे."

"हात नाही लावत. डोळे लावते."

लांबडीला हसू फुटलं. सरांना नाही. "अगं, त्यावर सगळ्या शाळेचे गुण आहेत, फी आहे..."

"माझे गुण मला माहीत आहेत, सर, मुद्दाम जाऊन बघण्यासारखे नाहीत. तुम्हीच टाइप करा. मी मागे उभी राहून नुसतं सांगते. पण तो काय म्हणतोय ते मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या. आणि बघितल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"तुला भिंगरी म्हणतात ना? मग हल की!"

"आज नाही."

आणि ती खरंच हलली नाही. दोन्ही पाय रोवून, पेनल्टीच्या वेळी उभी राहते तशी उभी राहिली. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

काळी खिडकी. वर प्रोग्राम चालू केल्याची एक ओळ, खाली नुसता लुकलुकणारा कर्सर.

"बघ. बसलाय."

"बसलाय की काम करतोय?" भिंगरी पुढे वाकली. "सर, दुसरी खिडकी उघडा ना. सर्व्हरवर कोण किती राबतंय ते बघू."

सरांनी दोन बोटांनी टकटक करत दुसरी खिडकी उघडली. चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामांची रांग आली, प्रत्येकापुढे तो मशीनची किती ताकद खातोय त्याचा आकडा. भिंगरीच्या प्रोग्रामपुढे भोपळा.

"झोपलाय," सर म्हणाले.

"नाही, सर." भिंगरीचा आवाज चढला. "कोडमध्ये कुठे गोल गोल फिरत राहिला असता, तर मशीनला घाम फुटला असता. हा काहीच खात नाहीये. हा अडकलेला नाही, हा वाट बघतोय! कशाची तरी. त्याचं बोलणं कुठे जातं?"

"ते मी एका फाइलमध्ये वळवतो. स्क्रीनवर पसारा नको."

"मग ती फाइल बघितलीत?"

"प्रोग्राम संपल्यावर बघतो मी! हा संपतोय कुठे?"

भिंगरीनं लांबडीकडे पाहिलं. लांबडीनं छताकडे पाहिलं.

"उघडा, सर. आ करायला लावा त्याला."

फाइल उघडली. वाटपाचे नियम भिंगरीनं वेगळ्या फाइलमध्ये लिहिले होते, त्यातली एक ओळ, तिच्याकडे रोखलेला बाण, आणि खाली कंसात तीन अक्षरं: पी, डी, बी.

भिंगरीनं ती अक्षरं लगेच ओळखली. पीडीबी म्हणजे पायथनचा स्वतःचा तपासनीस. कोडमध्ये एखाद्या ठिकाणी ब्रेकपॉइंट ठेवला की प्रोग्राम तिथे थांबतो आणि विचारतो, बोला, काय बघायचंय? आणि तुम्ही बोलेपर्यंत अदबीनं उभा राहतो. इथे तो बिचारा विचारत होता खरा, पण त्याचा प्रश्न जात होता फाइलमध्ये, आणि फाइल उघडणारे सर वाट बघत होते त्याच्या संपण्याची!

"मी ब्रेकपॉइंट ठेवलेला नाही," भिंगरी म्हणाली.

सरांचे कान हळूहळू लाल झाले.

"ती दुसरी एरर येत होती ना," ते म्हणाले, "तेव्हा म्हटलं, आपणच शोधून देऊ. तेवढीच तुला मदत. म्हणून तो एक... ठेवून बघितला. तिथपर्यंत प्रोग्राम पोचतच नव्हता, आधीच कोसळायचा. मग विसरलो."

"आणि मी फाइलचा पत्ता दुरुस्त केल्यावर पोचायला लागला!" भिंगरी जवळजवळ किंचाळली. त्यानंतर तिनं फक्त मुख्य फाइल बदलून पाठवली होती. नियमांची फाइल सर्व्हरवर तशीच होती, सरांच्या ओळीसकट. "म्हणजे शेवटच्या वेळी तो बिघडला नव्हताच. आणि तुम्ही म्हणालात, दमदार नाही!"

"म्हणालो," सर म्हणाले. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि उठले. "बस. तू चालव."

नियम आज बाजूला राहिला.

भिंगरी बसली. फाइलमधल्या नव्या ओळी दिसत राहतील अशी एक खिडकी बाजूला लावली. मग लुकलुकणाऱ्या कर्सरसमोर तिनं एकच अक्षर दाबलं, सी, म्हणजे पुढे चल, आणि एंटर. बाजूच्या खिडकीत एक ओळ उमटली. सोमवार: मुलांचा फुटबॉल.

"ई!" लांबडी म्हणाली.

सी, एंटर. मंगळवार: रिले. दर वारापाशी तो पुन्हा थांबून विचारत होता. सी, एंटर. बुधवार: हॉकी. सी, एंटर. गुरुवार: लांब उडी. शेवटचं सी, शेवटचं एंटर. शुक्रवार: मुलींचा फुटबॉल. आणि त्याखाली, वाटप साइटवर लागले.

"शेवटचा वार?" लांबडी कळवळली. "आणि ढब्बूला पहिला? अगं, परत चालव ना! नशिबाचंच आहे, परत टाक चिठ्ठी!"

"चालव हवं तर," सर हळूच म्हणाले. आज ते काहीही द्यायला तयार होते. "पहिलीच खेप आहे. कोण विचारतंय?"

भिंगरीचं बोट एंटरवर होतं, आणि ते तिथे जरा जास्तच वेळ राहिलं. सोमवार डोळ्यांसमोर नाचत होता. ढब्बूचं दात काढणंही नाचत होतं.

"नाही," ती म्हणाली. "आपल्याला हवं ते येईपर्यंत दाबत बसलं, तर तो प्रोग्राम कसला? तो ढब्बूचा चेंडू झाला. शुक्रवार तर शुक्रवार. पण आपला."

मग तिनं नियमांची फाइल उघडून सरांची ती ओळ पुसली आणि खुर्ची गर्रकन वळवली. "सर, यापुढे माझ्या कोडमध्ये काही घातलंत तर मला सांगायचं. आणि मला वेगळं लॉगिन हवंय. गुण नको, फी नको, फक्त माझ्या प्रोग्रामपुरतं."

"बघतो. विचार करतो."

"करा. मी उभी आहे."

लॉगिन सभेच्या घंटेआधी मिळालं. सभेत खेळाच्या बाईंनी वाटप मोठ्यानं वाचलं, आणि ढब्बूला पहिल्या रांगेत बोलावून दोनदा वाचायला लावलं.

पुढच्या शुक्रवारी शेवटची घंटा वाजली, आणि सवयीनं म्हणा, खोडीनं म्हणा, ढब्बूच्या खिडकीतून चेंडू आलाच. टप, टप, टप, मैदानाच्या मधोमध. पण त्या दिवशी जिन्यावर कुणी धावलं नाही. लांबडीनंसुद्धा एकेक पायरी मोजून घेतली. मुली गप्पा मारत, बुटांच्या नाड्या सावकाश बांधत मैदानात आल्या. भिंगरीनं चेंडू उचलला आणि ती खिडकीखाली जाऊन उभी राहिली. वर ढब्बूचा गोल चेहरा.

"चुकून पडला," तो म्हणाला.

"माहीत आहे. पुढच्या आठवड्यात प्रोग्राम आम्हाला आधी विचारणार आहे. आम्ही सोमवार मागू म्हणतोय." तिनं चेंडू दोन्ही हातांत तोलला. "झेल!"

चेंडू सरळ खिडकीतून आत गेला. आतून धडपडल्याचा मोठा आवाज आला, बाकासकट. भिंगरी वळली, गोलपोस्टपाशी गेली, दोन्ही पाय रोवले आणि ओरडली, "मारा गं!"