पुलाचा ओला रंग

पुलाच्या कठड्यावर अंगठ्याच्या नखाएवढा एक पोपडा सुटला होता. अध्यक्षबाईंनी तो अलगद उचलला, तळहातावर उभा धरला आणि चष्मा कपाळावर सरकवून त्याची कड पाहिली. वर हिरवा, त्याखाली करडा, मग निळा, पुन्हा करडा, मग फिकट पिवळा, आणि अगदी तळाशी लोखंड गंजू नये म्हणून लावतात तो तांबडा. बुंध्यातल्या कड्यांवरून झाडाचं वय काढतात, तसं या पोपड्यावरून गावसमितीचं वय काढता आलं असतं. फरक एवढाच, की झाड एव्हाना वाढलं असतं.

पूल बांधून झाला त्याला बराच काळ लोटला होता. त्यावरून अजून एकही गाडी गेली नव्हती.

कारण सरळ होतं. निवडणुकीआधी बाईंनी भर चौकात शब्द दिला होता, की पूल झाला तरी होडीवरच्या एकाही माणसाचं काम जाणार नाही. होडीवर चौघं होते आणि त्यांचा मुकादम म्हणजे बाईंचा सख्खा थोरला भाऊ. सगळं गाव त्याला दादाच म्हणे. बाई निवडून आल्या आणि समितीने पुलाचं रंगकाम होडीवाल्यांनाच दिलं. दोघांनी होडी चालवायची, दोघांनी रंगवायचं, अधूनमधून अदलाबदल. रंग ओला तोवर पूल बंद. पूल बंद तोवर होडी चालू. एका टोकाचा रंग वाळेपर्यंत दुसऱ्या टोकाचा उडायला लागे, की समिती नवा रंग मंजूर करी. साप मेला नव्हता, काठीही मोडली नव्हती; दोघं गुण्यागोविंदाने नांदत होते.

विरोधी गटाचा म्होरक्या किराणा दुकानदार होता. कुठल्याही विषयावर ‘सबुरीनं घ्या’ म्हणायची सवय, म्हणून त्याचं नाव सबुरीशेठ पडलं होतं. त्याने एकदा पुलावरून रान उठवलं. आता पूल उघडतो की काय, म्हणून गाव धास्तावलं. पण त्याचं म्हणणं वेगळंच निघालं. ओल्या रंगाला कोणी हात लावू नये म्हणून तिथे राखणदार हवा होता. त्याचा मेहुणा राखणदार झाला आणि रान शांत झालं. मेहुणा कामाला चोख होता. रंगवणाऱ्यांखेरीज कोणालाही तो पुलावर पाऊल टाकू देत नसे. त्यामुळे दादा रोज सकाळी पुलावरून चालत पलीकडे जाई, तिथे बांधलेली होडी सोडी आणि लोकांना न्यायला अलीकडे आणी.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बाईंच्या सुनेने बातमी आणली. ती गावातल्या खोक्यांच्या कारखान्यात खिळे ठोकायला जाई. निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी तिथे होतंच. तयार खोकी होडीवरून थोडी थोडी पलीकडे न्यावी लागत आणि मालक आता विटला होता. महिनाअखेर पुलावरून ट्रक आला नाही, तर तो कारखानाच पलीकडे, मोठ्या सडकेवर हलवणार होता. माणसंही तिकडचीच घेणार होता.

भाजी निवडता निवडता सून म्हणाली, “आई, चार कामं वाचवायला गाव रिकामं करायचं, हे गणित तुम्ही आम्हाला शाळेत नव्हतं शिकवलं.”

बाई पूर्वी शाळेत शिकवत आणि सून त्यांचीच विद्यार्थिनी. नाहीतर असं बोलायची त्या घरात कोणाची छाती नव्हती.

“त्या चारांतला एक माझा भाऊ आहे.”

“मग मामांना विचारलंत का?”

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. गावच्या प्रत्येक माणसाला काही ना काही विचारून झालं होतं, दादाला सोडून. म्हणून आज बाई पुलावर आल्या होत्या. राखणदार मेहुण्याने त्यांना सोडलं, पण बजावलं, की अध्यक्ष असलात तरी कठड्याला हात नको.

दादा मध्यावर बसून डब्यातला रंग ढवळत होता. बाईंनी पोपडा रुमालात ठेवला आणि वर पाहिलं. खांब दादाच्या वाट्याला होते; त्यांवरचा हिरवा रंग त्याच्या छातीपर्यंतच चढला होता. त्यावर जुना करडाच होता, सगळ्या खांबांवर, एका रेषेत.

“खांदा कधीपासून वर जात नाही?”

“दुसऱ्या करड्यापासून. तो कसाबसा पुरा केला.”

“मग काम सोडलं का नाहीस?”

दादाने ब्रश डब्याच्या कडेला निपटला. “तू शब्द देऊन बसलीस ना. मी सोडलं असतं, तर सबुरी गावभर सांगत फिरला असता, बाईंनी पहिली कुऱ्हाड घरातच घातली म्हणून. तुझी खुर्ची टिकावी म्हणून रंगवतोय. मला काय हौस आहे?”

“दादा, मी तुझ्यासाठी पूल बंद ठेवलाय.”

खालून होडी गेली. तिच्यात खोक्यांची एक चळत होती आणि ती पडू नये म्हणून दोन माणसं तिला मिठी मारून उभी होती.

“आपण दोघं थोर आहोत,” दादा म्हणाला. मग पुन्हा रंग ढवळत, “बाकीच्या तिघांचं मात्र खरं पोट आहे. त्यांना काहीतरी गोड सांगून वाटेला लावू नकोस.”

दुपारी समितीची बैठक होती. विषय एकच, पुढचा रंग. टेबलावर रंगांचे नमुने पसरले होते. खजिनदाराला पुन्हा करडा हवा होता, कारण त्यावर धूळ दिसत नाही. सबुरीशेठने चॉकलेटी सुचवला, तोही सबुरीनं, दोन हात देऊन. हिरवाच बरा, निदान गावाला सवय झाली आहे, असं तिसऱ्याचं मत पडलं. कारखान्याचं नाव कोणी काढलं नाही, जरी टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाच्या घरचं माणूस त्या वेळी तिथेच खिळे ठोकत होतं. दाराशी होडीवरचे तिघं उभे होते, केसांत हिरवे ठिपके घेऊन. दादा त्यांच्यामागे होता.

चर्चा दमली तशी सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. बाईंनी रुमाल उघडला आणि पोपडा नमुन्यांच्या शेजारी ठेवला. सबुरीशेठने तो उचलून उजेडात धरला आणि यातला कुठला म्हणता, असं विचारलं.

“कुठलाच नाही,” बाई त्या तिघांकडे बघत म्हणाल्या. “उद्या सकाळी पूल उघडायचा. होडी बंद. आणि दिलेला शब्द मी मोडला, असं लिहून घ्या.”